एकचल समीकरण सोडवताना उत्तर नेमकं कुठे चुकतं?

बेरीज-वजाबाकी येते, पाढे पाठ आहेत, रीतही माहीत आहे, तरी समीकरणाचं उत्तर चुकतं. आठवी-नववीच्या वह्या तपासणाऱ्या कुणालाही विचारा, चुका त्याच त्या असतात: पायऱ्यांचा क्रम उलटा केलेला, नाहीतर वजाचं चिन्ह मध्येच गळालेलं. म्हणून इथे व्याख्यांमध्ये न अडकता एकच जरा आडमुठं समीकरण घेऊन शेवटपर्यंत सोडवू, आणि प्रत्येक पायरीवर कुठे पाय घसरतो तेही पाहू. पालक शिकवत असतील तर त्यांनीही याच क्रमाने जावं. घरी वेगळा क्रम आणि शाळेत वेगळा, असं झालं की मूल दोन्ही रीतींची खिचडी करतं.

आपलं समीकरण हे:

(२क्ष − १)/३ − (क्ष − ४)/२ = क्ष − ५

सुरुवातीची तयारी

पेन उचलल्यावर लगेच सोडवायला लागू नका. आधी चार गोष्टी करा.

एक, समीकरण वहीत जसंच्या तसं उतरवा आणि चिन्हं पुस्तकाशी ताडून पाहा. गणित सोडवताना न झालेली चूक उतरवताना झालेली असते, आणि मग अर्धा तास वाया जातो.

दोन, अक्षर नीट काढा. इथे चलासाठी, म्हणजे ज्याची किंमत शोधायची त्या अक्षरासाठी, क्ष वापरला आहे, पुस्तकात बहुधा इंग्रजी एक्स असतो. तो गुणिलेच्या चिन्हासारखा दिसू देऊ नका. पाठीला पाठ लावलेले दोन अर्धगोल काढा आणि गुणाकारासाठी चिन्हाऐवजी कंस वापरा. अक्षर स्वतः निवडायचं असेल तर ‘र’ घेऊ नका, घाईत त्याचा २ होतो.

तीन, प्रत्येक पद त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हासकट वाचा. आपल्या समीकरणात दुसरं पद ‘क्ष वजा चार भागिले दोन’ नाही. ‘वजा, कंसात क्ष वजा चार, भागिले दोन’ असं ते आहे. सगळी गंमत त्या पहिल्या ‘वजा’त आहे.

चार, एका ओळीत एकच ‘बरोबर’ चिन्ह, आणि सगळी ‘बरोबर’ चिन्हं एकाखाली एक. ३क्ष = १२ = क्ष = ४ असं लिहिणारी मुलं पुष्कळ आहेत. त्याचा अर्थ १२ आणि ४ सारखेच, असा होतो.

पायरी १: छेद घालवा

समीकरणात अपूर्णांक असतील तर सगळ्या छेदांचा लसावि (सगळ्या छेदांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या) काढा आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला त्याने गुणा. आपले छेद ३ आणि २, लसावि ६.

गुणण्यापूर्वी एक काम करा: अंशात एकापेक्षा जास्त पदं असतील तर अंशाला कंस घाला. अपूर्णांकाची आडवी रेघ स्वतःच कंसाचं काम करत असते, पण छेद गेला की रेघ जाते आणि तिच्याबरोबर तो अदृश्य कंसही जातो. म्हणून तो आधीच काढून ठेवायचा.

६ ने गुणल्यावर:

२(२क्ष − १) − ३(क्ष − ४) = ६(क्ष − ५)

*सावधान:* उजव्या बाजूला अपूर्णांक नाही म्हणून तिला गुणायचं राहून जातं. आपल्या उदाहरणात तसं झालं तर पुढे क्ष + १० = क्ष − ५ मिळतं, म्हणजे १० = −५. मग विद्यार्थी शांतपणे ‘या समीकरणाला उकल नाही’ असं लिहून मोकळा होतो. उकल आहे, फक्त उजवी बाजू सहापट करायची राहिली.

*सावधान:* तिरकस गुणाकार फक्त दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हा चालतो. क्ष/२ + ३ = ५/४ इथे मुलं सर्रास ४क्ष + ३ = १० करतात. मधला ३ तसाच राहिला, त्याला कुणी गुणलंच नाही. ४ ने गुणा: २क्ष + १२ = ५, म्हणून क्ष = −७/२. शंका असेल तेव्हा तिरकस गुणाकार विसरा आणि लसाविनेच गुणा. ती रीत सगळीकडे चालते.

दशांश अपूर्णांकांनाही हेच. ०.३क्ष + १.२५ = ०.८क्ष − ०.७५ मध्ये सगळ्यात लांब दशांश दोन स्थळांचा, म्हणून सगळं १०० ने गुणा: ३०क्ष + १२५ = ८०क्ष − ७५. इथे ०.३ चे ३ करून १.२५ चे १२५ केले की संपलं. प्रत्येक पद १०० पटच झालं पाहिजे, कुणी १० पट आणि कुणी १०० पट नाही. याचं उत्तर ४ येतं, करून पाहा.

आता क्रमाबद्दल. छेद आधी की कंस आधी? अपूर्णांक कंसाच्या बाहेर असेल, जसं (२/३)(क्ष − ६) = ४, तर छेद आधी: २(क्ष − ६) = १२. इथे ३ ने एकदाच गुणायचं. बाहेरच्या २/३ लाही गुणलं आणि आतल्या पदांनाही गुणलं तर ती बाजू नऊपट होते. अपूर्णांक कंसाच्या आत असेल, जसं ३(क्ष/२ − १) = क्ष + ४, तर आधी कंस सोडवणं सोपं: ३क्ष/२ − ३ = क्ष + ४. मग २ ने गुणा. उत्तर १४.

पायरी २: कंस सोडवा

कंसाबाहेरच्या संख्येने आतल्या प्रत्येक पदाला गुणायचं, आणि बाहेरचं चिन्ह सोबत घेऊन गुणायचं.

४क्ष − २ − ३क्ष + १२ = ६क्ष − ३०

या ओळीतला + १२ कुठून आला? −३ गुणिले −४. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण बहुतेकांचं गणित इथेच फसतं. −३(क्ष − ४) चं −३क्ष − १२ करतात. पहिल्या पदाला चिन्हासकट गुणलं, दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वजा विसरला. तसंच बाहेर नुसता वजा असेल तर −(क्ष − ४) म्हणजे −क्ष + ४. आतल्या सगळ्या पदांची चिन्हं बदलतात, फक्त पहिल्याचं नाही.

सवय म्हणून बाहेरच्या संख्येपासून आतल्या प्रत्येक पदाकडे पेन्सिलने छोटा बाण काढा. आत दोन पदं, तर बाण दोन. बाण काढणं बालिश वाटतं, पण दहावीपर्यंत खुशाल काढत राहावं. बाणासाठी कुणी गुण कापत नाही.

*तपासा:* कंस सोडवल्यावर डाव्या बाजूची पदं मोजा. दोन कंसांत प्रत्येकी दोन होती, म्हणजे आता चार हवीत.

पायरी ३: प्रत्येक बाजू आपापल्या जागी आवरा

अजून काहीही पलीकडे न्यायचं नाही. डावीकडची सजातीय पदं (क्ष ची क्ष शी, नुसत्या संख्या संख्यांशी) डावीकडेच एकत्र करा, उजवीकडची उजवीकडे.

क्ष + १० = ६क्ष − ३०

४क्ष − ३क्ष = क्ष आणि −२ + १२ = १०. घाईची मुलं ही पायरी गाळतात आणि सहाच्या सहा पदं एका झटक्यात इकडून तिकडे फिरवतात. सहा पदांची चिन्हं एकदम सांभाळण्यापेक्षा दोनच पदांची सांभाळणं केव्हाही बरं.

इथली नेहमीची चूक म्हणजे विजातीय पदं जोडणं: क्ष + १० चं १०क्ष. लहान वर्गातलं ‘सगळं मिळून एक उत्तर’ हे वळण अजून गेलेलं नसतं. क्ष + १० हे जसं आहे तसंच पूर्ण आहे, त्याला पुढे ओढायचं नाही.

पायरी ४: चल एका बाजूला, संख्या दुसऱ्या बाजूला

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. खरं घडतं ते इतकंच: दोन्ही बाजूंतून सारखीच गोष्ट वजा केली किंवा दोन्ही बाजूंत सारखीच मिळवली. सुरुवातीचे काही आठवडे तरी हे लिहूनच करावं.

दोन्ही बाजूंतून क्ष वजा करा: १० = ५क्ष − ३०
दोन्ही बाजूंत ३० मिळवा: ४० = ५क्ष

चल उजवीकडे राहिला म्हणून बिचकू नका. चल डावीकडेच हवा असा काही नियम नाही. सहगुणक, म्हणजे चलाला गुणणारी संख्या, जिकडे मोठा, तिकडे चल गोळा केला की सहगुणक धन राहतो आणि एक वजा वाचतो. इथे उजवीकडे ६क्ष आणि डावीकडे क्ष, म्हणून उजवीकडेच गोळा केला. डावीकडे आणायचा हट्ट धरला तर −५क्ष = −४० मिळतं. तेही बरोबरच, फक्त दोन वजा उगीच सांभाळावे लागतात. शेवटी ४० = ५क्ष ही ओळ उलटून ५क्ष = ४० लिहिली तर कोणतंही चिन्ह बदलत नाही. अख्ख्या बाजूंची अदलाबदल करताना चिन्हं बदलणारेही भेटतात.

पायरी ५: सहगुणकाने भागा

५क्ष = ४०, दोन्ही बाजूंना ५ ने भागा, क्ष = ८.

पायरी सोपी आहे, तरी तीन चुका इथे ठाण मांडून बसलेल्या असतात.

‘चिन्ह बदलतं’ हा नियम सहगुणकाला लावणं. −४क्ष = १२ यात −४ पलीकडे नेऊन क्ष = १२ + ४ = १६ करतात. −४ इथे वजा केलेला नाही, क्ष ला गुणलेला आहे. गुणाकार सुटतो भागाकाराने, आणि भागताना −४ ने भागायचं, ४ ने नाही: क्ष = −३. पायरी ४ मध्ये ‘दोन्ही बाजूंतून वजा करा’ असं लिहायची सवय लावलेल्या मुलाकडून ही चूक सहसा होत नाही.

उलटा भागाकार. ७क्ष = ५ म्हणजे क्ष = ५/७. पण मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायची सवय इतकी मुरलेली असते की ७/५ लिहिलं जातं. सहगुणक नेहमी खाली जातो, मग तो मोठा असो की लहान.

आणि −क्ष = ७ ला उत्तर समजून थांबणं. अजून एक पायरी बाकी आहे: क्ष = −७.

उत्तर अपूर्णांकात आलं म्हणजे चुकलंच, असंही नाही. पुस्तकातल्या उदाहरणांत पूर्ण संख्या जास्त येतात म्हणून मुलांना ५/७ पाहून धडकी भरते. मग ती बरोबर आलेलं गणित खोडून नवं, चुकीचं सोडवतात. खोडण्याआधी ताळा घ्या.

पायरी ६: ताळा, आणि तोही मूळ समीकरणात

क्ष = ८ मूळ समीकरणात ठेवा.

डावी बाजू: (१६ − १)/३ − (८ − ४)/२ = ५ − २ = ३
उजवी बाजू: ८ − ५ = ३

दोन्ही बाजू स्वतंत्रपणे काढायच्या. वर ‘बरोबर’ लिहून दोन्हीकडे एकदम खाटखूट करत गेलात तर तो ताळा नव्हे.

‘मूळ समीकरणात’ यावर इतका भर का, ते आकड्यांनीच पाहू. समजा, पायरी २ मध्ये + १२ ऐवजी − १२ लिहिलं. मग क्ष − १४ = ६क्ष − ३० मिळतं आणि उत्तर येतं १६/५, म्हणजे ३.२. आता आळस करून ताळा याच ओळीत घेतला तर डावीकडे ३.२ − १४ = −१०.८ आणि उजवीकडे १९.२ − ३० = −१०.८. अगदी तंतोतंत जुळतं! चूक या ओळीच्या आधी झाली होती, म्हणून या ओळीला तिचा पत्ताच नाही. मूळ समीकरणात ३.२ ठेवा: डावी बाजू १.८ + ०.४ = २.२, उजवी बाजू −१.८. चोरी लगेच पकडली.

ताळा जुळला नाही तर सगळं खोडू नका. तीच किंमत वरून खाली प्रत्येक ओळीत ठेवत जा. वरच्या ओळीत जुळत नाही आणि खालच्या ओळीत जुळते, अशा दोन लागोपाठच्या ओळींच्या मध्ये चूक असते. वरच्या उदाहरणात ३.२ ही किंमत कंसांच्या ओळीत जुळत नाही, कंस सोडवल्यावर मात्र जुळते. म्हणजे नजर थेट कंसाबाहेरच्या वजावर जाते.

क्ष च गायब झाला तर

३(क्ष + २) = ३क्ष + ५ सोडवलं की ६ = ५ उरतं. हे कधीच खरं नाही, म्हणून उकल नाही. ३(क्ष + २) = ३क्ष + ६ मध्ये ६ = ६ उरतं. हे नेहमीच खरं आहे, म्हणून क्ष ची कोणतीही किंमत चालते. ही दोन वेगळी उत्तरं आहेत, दोन्हीकडे ‘उकल नाही’ लिहू नका.

तिसरा प्रकार यात मिसळतो. ५क्ष + ३ = २क्ष + ३ वरून ३क्ष = ०, म्हणून क्ष = ०. शून्य ही रीतसर उकल आहे, ‘काहीच नाही’ नव्हे. आणि ४क्ष = ७क्ष मध्ये दोन्हीकडचा क्ष काटून ४ = ७ करू नका. क्ष ने भागताना तो शून्य नाही असं तुम्ही गृहीत धरलं, आणि इथे तो नेमका शून्यच आहे. अज्ञात राशीने भागायचं नाही, वजा करायचं: ३क्ष = ०.

छेदात चल असेल तर वेगळी खबरदारी. (२क्ष + ३)/(क्ष − १) = ५/(क्ष − १) यावरून २क्ष + ३ = ५ आणि क्ष = १ येतं. पण क्ष = १ ठेवलं की छेद शून्य होतो. म्हणून ही किंमत बाद आणि समीकरणाला उकल नाही. इथे ताळा ऐच्छिक नाही, तो उत्तराचाच भाग आहे.

शाब्दिक उदाहरण: समीकरण मांडतानाच होणाऱ्या चुका

पहिली ओळ ‘समजा’ने सुरू होते आणि तिथेच घोटाळा होतो. पिशवीत ५ आणि १० रुपयांची मिळून २३ नाणी आहेत, रक्कम १६० रुपये. ‘समजा, ५ रुपयांची नाणी = क्ष’ हे मोघम झालं: क्ष म्हणजे नाण्यांची संख्या की त्यांचे रुपये? ‘समजा, ५ रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष’ असं लिहा. मग १० ची नाणी २३ − क्ष आणि समीकरण ५क्ष + १०(२३ − क्ष) = १६०. उत्तर १४, म्हणून १० ची नाणी ९. ताळा उदाहरणातल्या वाक्यांवर घ्या, ७० + ९० = १६०, कारण समीकरणच चुकलं असेल तर समीकरणातला ताळा काय सांगणार?

वयाच्या उदाहरणात कंस विसरतो. आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी दुप्पट होईल. बरोबर मांडणी: ३क्ष + १२ = २(क्ष + १२), म्हणून मुलगी १२ आणि आई ३६ वर्षांची. कंस न घालता ३क्ष + १२ = २क्ष + १२ लिहिलं तर क्ष = ० येतं, म्हणजे मुलगी शून्य वर्षांची आणि तिची आईही शून्य वर्षांची! असं उत्तर आलं तरी त्याखाली दुहेरी रेघ मारणारे आहेत.

‘एका संख्येच्या तिपटीपेक्षा ५ ने कमी’ म्हणजे ३क्ष − ५. उलटं ५ − ३क्ष नव्हे. कशातून कमी करायचं ते आधी लिहा, किती कमी करायचं ते नंतर.

सूत्रातून हवं ते अक्षर वेगळं काढणं

विज्ञानाच्या तासाला हीच रीत लागते, फक्त संख्यांच्या जागी अक्षरं असतात. जे अक्षर शोधायचं तेवढं चल, बाकी सगळी संख्याच आहेत असं समजून त्याच सहा पायऱ्या.

फॅरनहाइट तापमान फ आणि सेल्सिअस तापमान स असेल तर फ = ९स/५ + ३२. यातून स काढू. छेद घालवा: ५फ = ९स + १६०. संख्या पलीकडे: ५फ − १६० = ९स. भागा: स = (५फ − १६०)/९, म्हणजेच स = ५(फ − ३२)/९.

इथली ठरलेली चूक म्हणजे स = ५फ/९ − ३२. फ ला ५/९ ने गुणलं, ३२ तसाच ठेवला. माहीत असलेली किंमत टाकून पाहा: पाणी गोठतं ते ३२ अंश फॅरनहाइटला, तिथे शून्य सेल्सिअस यायला हवं. बरोबर सूत्रात शून्य येतं, चुकलेल्यात जवळपास −१४.

सरावासाठी याच सूत्रावरचं एक: दोन्ही मापांत आकडा सारखाच कधी येतो? दोन्हीला क्ष म्हणा: क्ष = ९क्ष/५ + ३२. ५ ने गुणताना ३२ लाही गुणा: ५क्ष = ९क्ष + १६०. सहगुणक उजवीकडे मोठा आहे, म्हणून दोन्ही बाजूंतून ९क्ष नव्हे, ५क्ष वजा करा: ० = ४क्ष + १६०. मग ४क्ष = −१६० आणि क्ष = −४०. ताळा: ९ × (−४०)/५ + ३२ = −७२ + ३२ = −४०.